तीन चिऱ्यांची चूल

दशावतारी नाटकाला संहिता नसते. दिग्दर्शक नसतो, तालीम नसते. देवळापुढच्या मांडवात एक बाकडं, मागे पडदा, बाजूला पायपेटी, पखवाज आणि झांज. बाकड्यावर बसला की राजा दरबारात बसला, उठून एक गिरकी घेतली की वनात पोचला. आख्यान कुठलं लावायचं ते त्याच दिवशी ठरतं, कोण कुठलं पात्र घेणार तेही त्याच दिवशी. आणि मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होऊन पहाटेपर्यंत दहा-बारा माणसं एकमेकांचं वाक्य झेलत, परतवत अख्खं नाटक उभं करतात. हे जमतं कसं, याची उत्तरं अभ्यासकांनी दिलेली आहेत. कीर्तनाची परंपरा, पुराणकथांचं पाठांतर, ठरून गेलेले पात्रांचे स्वभाव. ती सगळी खरीच आहेत. पण माझ्या घरातल्या दोन म्हाताऱ्या माणसांनी याच प्रश्नाला स्वयंपाकाचं उत्तर दिलं होतं, आणि जसजशी जत्रांमागून जत्रा पाहत गेले तसतसं मला तेच उत्तर जास्त पटत गेलं.

त्यातलं एक माणूस म्हणजे माझी आजी. आमचं घर कुडाळ तालुक्यातल्या एका गावात, देवळाला लागून. जत्रेच्या दिवशी येणाऱ्या कंपनीचा शिधा काढून द्यायचा मान आमच्या घराकडे, त्यामुळे आजीने साठेक वर्षं तरी दशावताऱ्यांचे तांदूळ मोजले असतील. दुसरे माझ्या आईचे मामा. आम्ही त्यांना मामाआजो म्हणायचो. ते दुसऱ्या एका कंपनीत स्त्रीपार्टी होते. द्रौपदी, तारामती, दमयंती या त्यांच्या भूमिका. म्हणजे आजी देणाऱ्यांच्या बाजूची आणि मामाआजो जेवणाऱ्यांच्या. एकाच जेवणाच्या दोन टोकांना बसलेली ही माणसं एकमेकांचे व्याही लागत, आणि संध्याकाळी आमच्या पडवीत बसली की हटकून या विषयावर येत.

दक्षिण कोकणात कुडाळ, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी आणि तिकडे गोव्यातलं पेडणे एवढ्या टापूत भातकापणी उरकली की जत्रा लागतात. त्रिपुरी पौर्णिमेच्या पाठोपाठ सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा होते, आणि मग पुढे महिनोन्महिने कुठल्या ना कुठल्या देवळात रोज रात्री दिवे लागलेले असतात. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आजगावकर, खानोलकर अशी कंपन्यांची नावं गावांवरून पडलेली. पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलंय की अमक्या देवळात अमक्या तिथीला अमकीच कंपनी. राजापूर तालुक्यातल्या आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळ्यांनी १७२८ मध्ये हा खेळ इथे रुजवला असं परंपरा सांगते. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते १८४३ मध्ये. त्या हिशेबाने नाटकाच्या इतिहासाची पहिली पानं आमच्याकडची आहेत, असं मामाआजो छाती काढून सांगत. मला त्यांचा तो अभिमान अजून तसाच्या तसा आवडतो.

कंपनी पायी यायची. लाकडी पेटाऱ्यात कंपनीचा गणपती, मुकुट, पुठ्ठ्याची आयुधं, नऊवारी लुगडी. हा पेटारा डोक्यावर घेऊन डोंगर उतरायचा, खाडी ओलांडायची, दुपार टळायच्या आत पुढच्या गावच्या देवळात पोचायचं. ‘रात्रीचो राजा, सकाळी डोक्यार बोजा’ ही म्हण यातूनच आली. ती म्हण सगळ्यांना माहीत आहे. तिच्यातल्या रात्र आणि सकाळ यांच्या मधे दुपार असते, तिच्याबद्दल मात्र फारसं कुणी लिहीत नाही. मला त्या दुपारबद्दल सांगायचं आहे.

देवळामागे मोठ्या आंब्याखाली तीन चिरे मांडले की चूल झाली. तिच्यावर आधी भाताचा टोप, मग सांबाऱ्याचं तपेलं. आचारी वगैरे कुणी नाही. मामाआजोंच्या कंपनीत पाळी असायची, आणि पाळीला मालकही चुकायचा नाही. आज रात्री जो दुर्योधन, तो दुपारी आडाळ्यावर बसून नारळ किसतोय. भीम विहिरीवरून घागरी आणतोय. नारद कांदे चिरतोय. स्त्रीपार्टींचा हात स्वयंपाकात चांगला असतो असा एक समज होता. मामाआजो म्हणत की तो खोटा आहे, त्यांच्या कंपनीत सगळ्यांत चवीचं वाटप शंकासुर करायचा. काळा मुखवटा घालून रात्री अख्ख्या मांडवाला हसवणारा हा माणूस वाटपाला मात्र कुणाला हात लावू द्यायचा नाही. खोबरं किती भाजायचं, कांदा कुठल्या रंगावर आला की टोप उतरवायचा, धणे आधी की मिरी आधी, यावर त्याचं काही ऐकून घेणं नसे.

शिध्याची यादी आजीला तोंडपाठ होती. उकडे तांदूळ, काळे वाटाणे, नारळ, गूळ, मीठ, मिरच्या, चार सोलं, भोपळा नाहीतर सुरण, केळीची पानं आणि जळाऊ. खोबरेल तेल दोन भांड्यांत द्यायचं: एक फोडणीला, एक पहाटे तोंडावरचा रंग उतरवायला. आणि या सगळ्याच्या शेवटी एक मूठभर भिजवलेली कणीक. आमच्या भागात तेव्हा गहू म्हणजे सणासुदीचा. तरी ती मूठ कधी चुकली नाही, कारण ती पखवाजासाठी असायची. पखवाजाच्या डाव्या पुडीवर कणकेचा लेप दिला की त्याचा आवाज भरदार, खर्जात उतरतो. खेळ संपला की तो खरवडून काढायचा. कणीक सैल झाली तर पुडीवर टिकत नाही, घट्ट झाली तर आवाज बसका येतो, म्हणून पखवाजी स्वतः येऊन ती अंगठ्याने दाबून बघायचा. ‘मृदंगाक कणीक व्हयी’ असं म्हणत तो मागीलदारी येऊन उभा राहिला की आजी हातातलं सगळं टाकून उठायची. मोठी झाल्यावर ती कणीक पानावर घेऊन जायचं काम माझ्याकडे आलं. तो पखवाजी डाव्या तळव्यावर कणीक घेऊन तिला पाण्याचा नुसता हात लावायचा, गोल थापायचा, पुडीच्या मध्यावर चिकटवायचा, आणि मग कान खाली नेऊन एकच थाप मारायचा. चुलीवर भात रटरटत असायचा. ती थाप ऐकली की भाताजवळचा माणूस मान वर करून त्याच्याकडे बघायचा आणि होकार भरायचा. स्वयंपाक आणि वाद्य दोन्ही लागले, असा तो होकार असावा.

आख्यान ठरायचं ते या चुलीपाशी. गावातले चार मानकरी येऊन बसायचे, पानसुपारी व्हायची. मागच्या वर्षी अभिमन्यू झाला, यंदा हरिश्चंद्र लावा. नको, गावात नुकतंच एक तरुण पोर गेलंय, रोहिदासाच्या मरणाचा प्रवेश त्या आईला सोसवायचा नाही. मग नल-दमयंती. असं सगळं बोलून ठरे. गावाची सुखदुःखं भाजी चिरता चिरता कंपनीच्या कानावर जायची आणि रात्रीच्या नाटकात शिरायची. कुणाची विहीर आटली, कुणाच्या दोन भावांत बांधावरून भांडण आहे, हे शंकासुराला दुपारीच कळलेलं असे. रात्री तो असा काही टोमणा मारायचा की दोघे भाऊ मांडवात हसत सुटायचे. या कोपरखळ्या कुणाचा अपमान होऊ न देता मारायच्या असतात. त्यासाठी माणूस आधी त्या गावात बसून जेवलेला असावा लागतो.

पण त्याहून मोठं काम कंपनीच्या आतलं. संवाद पाठ नसले की समोरच्यावर सगळी भिस्त असते. समोरच्याने सरळ प्रश्न टाकला तर तुम्ही फुलता. त्याच्या मनात काही खुपत असेल तर भर मांडवात तो तुमची कोंडी करू शकतो, आणि तुम्हाला वाचवायला तिथे पुस्तक नसतं, विंगेतून वाक्य पुरवणारा नसतो. मामाआजो सांगत, दशावतारात नट वाईट असला तर खपतो, मन वाईट असलं तर खेळ पडतो. त्यांच्या कंपनीतली एक गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की तिच्यातले श्वाससुद्धा मला पाठ आहेत.

कृष्ण करणारा आणि दुर्योधन करणारा यांच्यात बिदागीच्या वाटणीवरून बिनसलं होतं. दोघे एका रांगेत चालत, पण बोलत नव्हते. वेंगुर्ल्याकडच्या एका गावात कृष्णशिष्टाईचा प्रवेश आला. कृष्ण म्हणाला, अर्धं राज्य राहू दे, पांडवांना पाच गावं दे. यावर दुर्योधनाने गर्जना करून सुईच्या अग्रावर राहील एवढीही माती देणार नाही म्हणायचं, ही शेकडो वर्षांची रीत. त्या रात्री तो शांतपणे बाकड्यावर बसला, मिशीवर हात फिरवला आणि विचारलं, “कुठली पाच गावं? नावं सांग.” कृष्णाने कुशस्थल म्हटलं, वृकस्थल म्हटलं, माकंदी म्हटलं. चौथं आठवेना. मांडवात पाच-सातशे माणूस. पुढच्या रांगेतले म्हातारे गालातल्या गालात हसू लागले. पखवाज्याने प्रसंग ओळखला आणि असा एक जोरकस तुकडा वाजवला की कृष्णाला गिरकी घेऊन विषय बदलता आला. नाटक निभावलं. पण सगळी कंपनी पहाटेपर्यंत मनातून हादरलेली होती, कारण आज कृष्ण, उद्या आणखी कुणी.

दुसऱ्या गावात पोचल्यावर पखवाज्याने त्या दोघांची पाळी एकत्र लावली. कंपनीत तो वयाने सर्वांत वडील, त्याच्या शब्दाबाहेर मालकही नव्हता. एकाने नारळ सोलायचे, दुसऱ्याने फोडून किसायचे. सोललेला नारळ हातात दिल्याशिवाय दुसऱ्याचं काम सुरू होत नाही, आणि बारा-तेरा माणसांना चार नारळ तरी लागतात. पहिले दोन नारळ नुसते जमिनीवर ठेवले गेले. तिसरा हातात दिला. चौथ्याला दुर्योधन म्हणाला, “चौथा वारणावत. पाचव्या गावाचा नावच नाय. पाचवा तू देशीत ता.” महाभारतात खरोखरच तसं आहे. चार गावं नावानिशी आणि पाचवं दुर्योधनाच्या मर्जीवर सोडलेलं. कृष्ण करणाऱ्याने वर बघितलं. मग दोघांनी तिथेच बसून अख्खी शिष्टाई परत खेळली, एकजण किसतोय, एकजण करवंट्या वेचतोय. भाजीत खोबरं जरा उशिराच पडलं त्या दिवशी.

पुढे त्याच मोसमात मुद्दाम ठरवून हा प्रश्न पुन्हा विचारला गेला. कृष्णाने चार नावं सांगितली, आणि पाचवं म्हणून ज्या गावात खेळ चालू होता त्याचंच नाव घेतलं. आज दुपारी जिथे मी पोटभर जेवलो ते गाव मला दे! मांडव उसळला. मग प्रत्येक गावात ते व्हायला लागलं. लोक त्या वाक्याची वाट बघत. कागदावर कुठेही नसलेलं हे वाक्य चुलीपाशी जन्मलं आणि कंपनीच्या मालकीचं झालं. मामाआजो म्हणत, तालीम तालीम म्हणतात ती आमची अशी.

जेवायला बसायची रीतही कामाशी जुळलेली होती. दिवेलागणीच्या आत पंगत. राक्षस आणि लढाईची पात्रं बेताने जेवत, कारण रात्री नाचायचं, तलवारी फिरवायच्या. नवीन पोरगा कंपनीत आला की त्याला पहिल्या मोसमात वाढपी करायचे. कोण किती भात घेतो, कुणाला तिखट चालत नाही, कुणाची कंबर धरलीय म्हणून तो भिंतीला टेकून बसतो, हे वाढताना कळतं. रात्री त्याच पोराला अभिमन्यू होऊन त्यांच्याशी लढायचं असतं. दुखऱ्या कमरेच्या जयद्रथावर तलवार कुठून आणायची, ते त्याला सांगावं लागत नसे.

हे सगळं सांगताना मला भारून जायला होतं, आणि तिथेच थांबले तर ते अर्धंच सांगितल्यासारखं होईल. कारण ज्या पंगतीने माणसं जोडली तिनेच काहींना बाहेरही ठेवलं. मामाआजोंच्या सुरुवातीच्या वर्षांत आंब्याखाली चुली दोन असायच्या. आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, भटजीचं पात्र करणारे एक वयस्क ब्राह्मण होते, त्यांची सोवळ्याची चूल दहा पावलांवर वेगळी. बाकी मराठा, भंडारी, देवळी, सुतार एका चुलीवर. आणि त्याच्या पलीकडे चूलच नव्हती. आमच्या शेजारच्या गावात महारवाड्यात एक मुलगा होता. त्याचा गळा असा की तो बांधावरून ओरडून गाई वळवायचा तेव्हाही लोक थांबून ऐकत. कंपनीतल्या सगळ्यांना तो हवा होता. त्याला घेतला नाही. त्याने गावं कसं, नाचावं कसं, याची अडचण नव्हती. तो जेवणार कुठे, या प्रश्नावर सगळे गप्प झाले. मामाआजोंच्या तोंडून हे ऐकताना मी दहा-अकरा वर्षांची असेन. मग त्याचं काय झालं, असं मी विचारलं. तो मुंबईला गेला, एवढंच ते म्हणाले आणि उठून गेले.

आजीची आठवण याला जोडूनच आहे. पहाटे आख्यान संपलं की आरती होते, दहीहंडी फुटते आणि काला वाटला जातो. रात्रभर ज्यांनी नाटक केलं आणि ज्यांनी पाहिलं ते सगळे एकाच हंडीतलं दही-पोहे खातात. आमच्याकडे या साऱ्या रात्रीलाच दहीकाला म्हणतात. आजी सांगायची की तिच्या लहानपणी गडग्याबाहेर उभ्या असलेल्यांच्या हातावर तो काला वरून टाकत. ती हे सांगताना आवाज खाली आणायची नाही. आपल्या घराच्या माणसांनीही तसाच टाकला, हेही ती म्हणायची.

वारं बदलत होतं. महाडचा सत्याग्रह १९२७ चा. रत्नागिरीत पतितपावन मंदिर १९३१ साली उभं राहिलं, तिथल्या सहभोजनांच्या वार्ता वादांसकट इकडे पोचत. कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरीत आश्रम काढून आयुष्य अस्पृश्यता मोडण्याच्या कामाला लावलं. असल्या गोष्टी चुलीपर्यंत यायला वेळ लागतो. मामाआजोंच्या कंपनीतल्या दोन चुली एक झाल्या त्या कुणाच्या भाषणाने नव्हे. भटजी करणारे ते गृहस्थ थकले, त्यांना फुंकणीने जाळ धरवेना. एका दुपारी ते आपली तांदळाची पुरचुंडी घेऊन आले आणि म्हणाले, “माझेय तांदूळ तुमच्याच टोपात घाला.” शंकासुराने काही न बोलता ते रोवळीत ओतले. त्या गळ्याच्या मुलाला मात्र असा कुणी टोप दाखवला नाही, आणि कंपनीच्या या मोठेपणाच्या गोष्टी सांगताना तो मला दर वेळी आठवतो. दशावताराने किती आवाज असे गमावले असतील!

टंचाईची आठवण आजी आणि मामाआजो दोघांचीही होती. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिकडचा तांदूळ बंद झाला. कोकणाला आपलं भात वर्षभर पुरत नसे, बाहेरचा तांदूळ येईल त्यावर पुढचे महिने निघत. त्या जत्रेला आमच्या घरात कंपनीला द्यायला तांदूळ नव्हते. आजीच्या सासऱ्यांनी निरोप धाडला की यंदा खेळ नको, आम्ही जेवू घालू शकत नाही. कंपनी तरीही तिथीला हजर झाली. प्रत्येकाने घरून काही ना काही पदराला बांधून आणलं होतं. कुणी नाचणी, कुणी कुळीथ, कुणी नुसती सुकी रताळी. गावानेही घराघरांतून मूठ मूठ गोळा केलं. त्या दुपारी नाचणीची पेज आणि कुळथाची पिठी झाली, आणि गावातली वीसेक माणसं, ज्यांच्या घरी चूल पेटली नव्हती ती, कंपनीच्या पंगतीला बसली. देणारं आणि घेणारं कोण हे त्या दिवशी उलटंपालटं झालं. आजी म्हणायची, “त्या वर्षापासून ती कंपनी पावणी उरली नाय, घरची झाली.” शिधा काढताना ती तांदूळ मोजून झाल्यावर वर एक पसा जास्त टाकायची, तो त्या वर्षाचा.

घाटावरच्या संगीत नाटक मंडळ्यांमध्येही एकत्र जेवणखाण होतंच. कंपनीचं बिऱ्हाड गावोगाव फिरे, पगाराबरोबर जेवण कंपनीचं असे, आणि गंधर्व नाटक मंडळीच्या पंगतींचा थाट तर प्रसिद्धच आहे. पण तिथे आचारी होते, वाढपी होते, कोठी होती. बोलपट आले, मंडळ्या कर्जात बुडाल्या, नट नाइटवर काम करू लागले, आणि एका छपराखाली जेवणारी कंपनी इतिहासजमा झाली. दशावतारी कंपन्या बोलपटांपुढेही टिकल्या. त्यांचा खर्चच मुळी तीन चिऱ्यांचा होता आणि शिधा गावाचा, हे एक कारण मला ठाम वाटतं. नट वर्षातले पावसाळ्याचे महिने स्वतःच्या शेतावर राबणारे, तेव्हा पोटाची दुसरी बाजू शेताने सांभाळली.

मुंबईलाही ही चूल गेली. परळ-लालबागच्या गिरण्यांत आमच्याकडचा माणूस भरलेला. एका गावचे पंधरावीस जण एका खोलीत राहत, पाळ्यांप्रमाणे झोपत, खाणावळीत जेवत. मामाआजोंची कंपनी परळच्या दामोदर हॉलमध्ये खेळ करायला गेली तेव्हा उतरली ती आमच्या गावच्या खोलीत. खाणावळीतून डबे मागवू, असं खोलीवाले म्हणाले. पखवाज्याने ऐकलं नाही. चाळीच्या गॅलरीत स्टोव्ह पेटवून काळ्या वाटाण्यांचं सांबारं झालं. वाटप भाजल्याचा वास जिन्यात पसरला तसे मालवणकडचे, वेंगुर्ल्याचे, कुठकुठल्या मजल्यावरचे चाकरमानी दारात येऊन उभे राहिले. रात्रपाळी करून आलेला एक जण नुसता वासाने उभा राहून रडला, असं मामाआजो सांगत. १९८२ चा संप झाला, गिरण्या बसल्या, आणि त्या खोल्या एकेक करून गेल्या. त्या वर्षी परत आलेल्या माणसांनी आमच्या जत्रेचा खर्च निम्म्यावर आणला. मांडवाची रोषणाई कापली, बँड कापला. शिधा कापायची सूचना कुणी केली नाही.

आज कंपन्या टेम्पोने येतात. बाबी नालंग, सुधीर कलिंगण अशा नटांनी या कलेला मोठा प्रेक्षक मिळवून दिला, मानधन वाढलं, ट्रिकसीनचे खेळ निघाले, गावोगावच्या नाट्यमहोत्सवांत दशावतार होतो. मला याचं वाईट वाटत नाही. डोक्यावर पेटारा घेऊन अनवाणी चालण्यात कुणाचं भलं नव्हतं, आणि कलावंताच्या हातात पैसे पडलेच पाहिजेत. पण टेम्पो संध्याकाळी सातला येतो. बरेचसे नट आपापल्या घरून जेवून, मोटारसायकलवरून थेट रंगायला बसतात. काही गावांत केटररची ताटं येतात. जेवण चांगलं असतं, पनीरसुद्धा असतं. आणि मग एखाद्या रात्री समोरासमोर उभी राहिलेली दोन पात्रं एकमेकांचं ऐकत नाहीत, आपापली पाठ केलेली स्वगतं म्हणतात, हे माझ्या कानाला लगेच कळतं. जुनी माणसंही मांडवात चुळबुळतात.

आमच्या गावात दोन वर्षांपूर्वी जत्रेच्या बैठकीत ताटांचा विषय निघाला. मुलं चांगली आहेत, राबतात. ताटं मागवली तर कामं वाचतील एवढंच त्यांचं म्हणणं होतं. मी शिध्याच्या बाजूने बोलले आणि जरा जास्तच बोलले असेन. शेवटी कंपनीलाच विचारावं असं ठरलं. मालक फोनवर म्हणाला, “शिधो देवा. आमी लवकर येतो.” ते खरंच दुपारी तीनला आले. चिरे तिथेच होते. नवीन पोरांपैकी एक वाणिज्य शाखेत शिकणारा, आडाळ्यावर बसायची त्याची पहिलीच वेळ. आणि त्याच्यासमोर जयद्रथ करणारा माणूस मिरच्यांची देठं खुडत त्याला विचारत होता, “तू चक्रव्यूहात शिरलंस. मी वाट अडवून उभो. माका काय सांगशीत?” पोराने काहीतरी पुस्तकी उत्तर दिलं. “ह्या तर टीव्हीर ऐकलंलं. तुझा सांग.” पोरगा किसायचा थांबला, विचार करून म्हणाला की मामा, तुमच्या मागे माझी आई उभी असती तर तुम्ही तिला तरी वाट दिली असती का? देठं खुडणारा हात थांबला. “ह्या चलात,” तो म्हणाला. “रात्री ह्याच बोल. मी उत्तर देवचंय नाय.”

त्या पोराचे वडील गिरणीतून परत आलेले, आणि त्याचं घर शेजारच्या गावात, ज्याला पूर्वी महारवाडा म्हणत त्या वाडीत आहे. मी मालकाला काही विचारलं नाही, तोही काही बोलला नाही. सगळे एका पंगतीला बसले, पोरगा वाढपी होता. कंपनीत यंदा आणखी चार मुलं आली आहेत असं कळलंय, म्हणून शिध्याच्या यादीत तीन शेर तांदूळ वाढवून घेतले आहेत. कणीक मीच भिजवते.